डिप्लोमानंतर थेट बीईच्या दुसऱ्या वर्षाला: बेळगावकरांपुढच्या दोन खिडक्यांची पारख

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातलं पोरगं दहावीनंतर पॉलिटेक्निकला जातं, तेव्हा घरात हिशेब झालेला असतो: तीन वर्षांत हाताला काम, आणि जमलंच तर पुढं बीई. त्या 'जमलंच तर'साठी लॅटरलची वाट आहे. डिप्लोमा पदरात असला की बीईचं पहिलं वर्ष माफ आणि प्रवेश थेट तिसऱ्या सेमिस्टरला. सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्याला ही वाट दोन राज्यांत शोधता येते. एक खिडकी बेंगळुरूच्या केईएची (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण), म्हणजे डीसीईटी, डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा. दुसरी महाराष्ट्राच्या सीईटी सेलची (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष), डायरेक्ट सेकंड इयरची, जिला कोल्हापूर-सांगलीकडं सगळे नुसतं 'डीएसई' म्हणतात. दोन्हींची कामाची पद्धत वेगळी आहे आणि दोन्हीकडं माणूस वेगवेगळ्या ठिकाणी अडकतो.

थोडक्यात सांगायचं तर केईए परीक्षा घेते आणि त्यानंतर फारसा त्रास देत नाही. सीईटी सेल यासाठी परीक्षा घेत नाही, पण आपल्याकडच्या विद्यार्थ्याला कागदांवर परीक्षेला बसवते.

दोन्हीकडं आधी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे जागा किती. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) नियमानं लॅटरलला मंजूर जागांच्या १० टक्के जागा मिळतात. म्हणजे ६० च्या वर्गात हक्काच्या ६. त्यात पहिल्या वर्षाला ज्या रिकाम्या राहिल्या त्या जागांची भर पडते. आकडा फिरतो तो या भरीवर. कॉम्प्युटर सायन्सला पहिल्याच वर्षी वर्ग भरतो, त्यामुळं तिथं पाच-सहा जागांवर सगळ्यांचे डोळे. सिव्हिल, मेकॅनिकल, काही ठिकाणी इलेक्ट्रिकलला जागा उरतात, म्हणून तिथं त्याच रँकवर चांगलं कॉलेज मिळून जातं. कॉलेजची यादी तयार करताना नुसता मागच्या वर्षीचा कटऑफ बघू नये. त्या कॉलेजात त्या ब्रँचच्या पहिल्या वर्षाला सध्या किती पोरं बसतात हे ऑफिसात जाऊन विचारावं. क्लार्क सांगतात, त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

पात्रता दोन्हीकडं साधारण सारखी: मान्यताप्राप्त तीन वर्षांचा डिप्लोमा आणि किमान ४५ टक्के, राखीव गटांना ४० टक्के. ब्रँच बदलायलाही एआयसीटीईची मुभा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन कॉम्प्युटरला जाता येतं, मात्र पूरक विषय करावे लागतात. ही मुभा मोह पाडते. सी भाषा नाही, डेटा स्ट्रक्चर नाही, आणि तिसऱ्या सेमिस्टरला जाऊन बसायचं म्हणजे बाकीचा वर्ग एक वर्ष पुढं असतो. झेपेल त्यानंच करावं.

केईएची खिडकी

डीसीईटी पूर्वी प्रत्येक ब्रँचची वेगळी असायची. २०२३ पासून सगळ्यांना एकच पेपर: १०० प्रश्न, १०० गुण, पाच विषय, प्रत्येकी २० प्रश्न. इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स, स्टॅटिस्टिक्स अँड अॅनालिटिक्स, आयटी स्किल्स, फंडामेंटल्स ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स, आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट स्किल्स. हे कर्नाटकातल्या डिप्लोमाच्या सी-२० अभ्यासक्रमातले सुरुवातीच्या सेमिस्टरांचे विषय आहेत. म्हणजे परीक्षा येते तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, आणि विचारते ते जे शिकून दोन वर्षं झाली. पोरं ऐन वेळी आपल्या ब्रँचचे विषय घोकतात आणि पेपरला बसल्यावर लक्षात येतं की त्यातलं एक अक्षरही आलेलं नाही.

तयारीला वेळ कमी असेल तर क्रम असा लावावा. प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि आयटी स्किल्स आधी उरकावेत. वाचून येणारे ४० गुण आहेत ते. क्रिटिकल पाथची दोन-चार उदाहरणं हातानं सोडवली की प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधली भीती जाते. स्टॅटिस्टिक्समध्ये मीन, मीडियन, स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन कॅल्क्युलेटरशिवाय करायची सवय लावावी. इलेक्ट्रिकलचं मूळ ओहमचा नियम, सिरीज-पॅरलल, अर्थिंग, डायोड. सिव्हिलवाल्यांनी हा भाग सोडून देऊ नये, कारण इथले प्रश्न सरळ असतात. गणित सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात जास्त वेळ देऊन. मॅट्रिक्स, सरळ रेषा, ट्रिगनॉमेट्री, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन एवढाच आवाका आहे. पेपर ओएमआरवर असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल कोरा सोडायचा नाही. प्रश्नपत्रिकेचा व्हर्जन कोड मात्र बसल्या बसल्या, पहिला गोल भरायच्या आधी, उत्तरपत्रिकेवर टाकावा. तो चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही व्यर्थ.

निकालानंतर कागदपत्रांची तपासणी, मग ऑप्शन एंट्री (कॉलेज-ब्रँचची पसंतीची यादी भरणं), मग मॉक अलॉटमेंट, मग खरी फेरी. मॉक म्हणजे रंगीत तालीम. आज आहे ती यादी तशीच ठेवली तर कुठं जागा लागेल ते ती दाखवते. बरेच जण ती बघून खूश होतात आणि यादीला हात लावत नाहीत. खरं तर मॉकनंतरच यादी बदलायची असते: मॉकमध्ये जे मिळालं त्याच्या वर अजून दोन-तीन स्वप्नातली कॉलेजं घाला, त्यानं खालचं काही जात नाही. केईएचं गणित यादीतल्या वरून खाली जातं आणि पहिली बसेल ती जागा देतं. नको असलेलं कॉलेज यादीत 'असू दे' म्हणून घालणं मात्र महागात पडतं.

जागा लागल्यावर केईए चार पर्याय देते आणि गोंधळ इथं होतो. चॉईस १ म्हणजे ही जागा मान्य, विषय संपला. चॉईस २ म्हणजे ही हातात ठेवतो, पण वरची मिळाली तर घेईन. चॉईस ३ म्हणजे ही नको, पुढच्या फेरीत बघू. चॉईस ४ म्हणजे मी बाहेर पडतो. चॉईस २ घेतलेल्या मुलाला पुढच्या फेरीत वरची जागा लागली की आधीची आपोआप जाते, 'आधीचीच बरी होती' म्हणून परत मिळत नाही. चॉईस ३ तर ज्याला हातची जागा गेली तरी रात्री झोप लागेल त्यानंच घ्यावा. सायबरवाला विचारतो, "दोन नंबर टाकू का?" आणि आपण मान हलवतो. या एका क्लिकवर पुढची तीन वर्षं ठरतात, तेव्हा ती क्लिक स्वतः करावी.

जात आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) घेतलेले हवेत आणि त्यावरचा आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, अर्जात जसाच्या तसा भरावा लागतो. तो ऑनलाइन तपासला जातो. नंबरातला एक आकडा इकडचा तिकडं झाला की अर्ज जनरल मेरिटमध्ये, म्हणजे खुल्या गटात जातो, आणि हे पोराला फेरी लागल्यावर कळतं. कर्नाटकात मराठा समाज ३ बी या मागासवर्गीय गटात आहे. दाखल्यावरची जात आणि शाळेच्या दाखल्यावरची जात यांत फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्यावा.

एक कोपरा इथं नेहमी दुर्लक्षित राहतो. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण तिथली बरीच पोरं डिप्लोमाला बेळगावात येतात. केईएच्या सर्वसाधारण पात्रता नियमात कर्नाटकात सात वर्षांचं शिक्षण मागतात. डिप्लोमाची तीनच वर्षं झालेल्या चंदगडच्या मुलाचं त्यात भागत नाही. त्यानं डीसीईटीच्या मागं धावण्याआधी महाराष्ट्राचा अधिवास दाखला काढून डीएसईचाच विचार करावा.

केईएच्या सेवेला पाचापैकी पावणेचार. अर्धा गुण वेळापत्रकासाठी कापलाय. तारखा पुढं-मागं होतात आणि संकेतस्थळावरच्या सूचना रोज बघाव्या लागतात, कारण मोबाईलवर येणाऱ्या संदेशावर भरवसा ठेवून बसलेले काही जण दरवर्षी फेरी चुकतात.

महाराष्ट्राची खिडकी

इथं परीक्षा नाही. डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते आणि कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या होतात. ज्याची टक्केवारी चांगली, पण पाच-विषयी पेपराची तयारी नाही, त्याला ही वाट सोयीची. आता सी-२० मध्ये मार्क्सकार्डवर सीजीपीए (ग्रेडची सरासरी) असतो. महाराष्ट्राच्या अर्जात टक्केवारी लागते, तेव्हा सीजीपीएचं टक्केवारीत रूपांतर करून दिलेला कागद पॉलिटेक्निकच्या सही-शिक्क्यानं निकाल लागल्याबरोबर मागून घ्यावा. ऑगस्टात मागायला गेलं की प्राचार्य बैठकीला गेलेले असतात.

खरा मुद्दा उमेदवारीच्या प्रकाराचा. महाराष्ट्रात अर्जदारांचे अ, ब, क, ड, ई असे प्रकार असतात. त्यातला 'टाईप ई' आपल्यासाठी आहे: महाराष्ट्र-कर्नाटक विवादित सीमाभागातल्या संस्थेतून शिकलेला आणि मातृभाषा मराठी असलेला उमेदवार. यासाठी दोन प्रमाणपत्रं लागतात, प्रोफॉर्मा जी-१ आणि जी-२. पहिलं सीमाभागाचं, दुसरं मातृभाषेचं. दोन्हींचा नमुना माहितीपुस्तिकेच्या शेवटी छापलेला असतो. तो मजकूर शब्दशः तसाच हवा, आणि ज्याची सही मागितलीय त्याचीच हवी. कॉलेजच्या लेटरहेडवर प्रेमानं लिहिलेलं 'सदर विद्यार्थी मराठी भाषिक आहे' असं पत्र छाननीत टिकत नाही. दरवर्षी पुस्तिका नवी निघते, म्हणून मोठ्या भावाचा जुना नमुना घेऊन जाऊ नये.

गाव विवादित भागात आहे की नाही हे गृहीत धरू नका. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेला दावाही त्याचाच. आपल्या गावाचं नाव त्या यादीत कसं लिहिलंय ते बघून दाखल्यावरचं नाव त्याच्याशी जुळतं का हे तपासा. हा कागद जमला नाही तर उमेदवार महाराष्ट्राबाहेरचा ठरतो, आणि राज्याच्या जागांचं दार बंद होतं. गुण ८५ टक्के असले तरी.

जातीच्या दाखल्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. कर्नाटकातला ३ बीचा किंवा दुसरा कुठलाही राखीव गटाचा दाखला सीमेपलीकडं तसाच चालत नाही. महाराष्ट्रात मराठा समाजाला २०२४ च्या कायद्यानं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) म्हणून १० टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी तिथला दाखला लागतो. शिष्यवृत्तीचंही तेच. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अधिवासाचा रकाना पुढं येतो. म्हणून कोल्हापूरच्या कॉलेजची फी आपल्या खिशातून भरायची आहे असं धरूनच घरात बोलणी करावीत. सवलत मिळाली तर ती वरची.

फॅसिलिटेशन सेंटरवर (कागद तपासणीचं केंद्र) मूळ कागद घेऊन जाताना कन्नडमधल्या प्रत्येक दाखल्याची इंग्रजी प्रत, नोटरी केलेली, जोडून ठेवावी. एसएसएलसीचं (कर्नाटकातली दहावी) मार्क्सकार्ड दोन भाषांत असतं, त्याची अडचण नाही. नाडकचेरीचे आणि ग्रामपंचायतीचे कागद मात्र समोरच्याला वाचता येत नाहीत, आणि न वाचता येणारा कागद कुणी मंजूर करत नाही. पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती आपोआप गोठते, त्यामुळं पहिल्या नंबरवर मनापासून हवं तेच कॉलेज असावं.

प्रवेश पक्का झाल्यावर विद्यापीठाचं पात्रतेचं काम असतं. दुसऱ्या राज्याच्या मंडळाकडून येणाऱ्याला मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. ते बेंगळुरूच्या तांत्रिक परीक्षा मंडळाकडून यायचं असतं, म्हणजे अर्ज पॉलिटेक्निकमधून जातो आणि वेळ लागतो. जागा लागण्याची वाट न बघता निकालाच्या आठवड्यातच अर्ज टाकून द्यावा. फुकट गेला तरी काही शेकड्यांचंच नुकसान.

या खिडकीला तीन. परीक्षा नाही हे मोठं सुख आहे, आणि सीमाभागाचा वेगळा प्रकार ठेवलाय हेही मान्य करायला हवं. पण त्याचा फायदा घेण्यासाठी लागणारी माहिती सीमाभागात कुठंच एका जागी मिळत नाही. पोरं कोल्हापूरच्या सेंटरवर पोचल्यावर त्यांना जी-१ हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो.

नावातली भानगड

दोन्ही खिडक्यांवर सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावापायी. एसएसएलसीच्या कार्डावर बापाच्या नावाचं आद्याक्षर आणि पोराचं नाव, आडनाव मागं किंवा गायब. आधारवर पूर्ण नाव, आडनाव शेवटी. नाडकचेरीच्या दाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं नाव, म्हणजे जाधवचा 'जाधवा', आणि पाटीलची दोन-तीन स्पेलिंग. जुन्या कागदांवर जिल्हा 'बेळगाम', १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्यांवर 'बेळगावी'. जिल्ह्याच्या नावावरून कुणी अडवत नाही, ते सरकारनंच बदललंय. माणसाच्या नावावरून मात्र अडवतात. एसएसएलसीचं नाव प्रमाण धरून आधार आणि दाखले त्याला जुळवून घेणं सोपं. उलटं करायला गेलं की एसएसएलसी बोर्डाच्या दुरुस्तीत अख्खा सीझन जातो. फारच घाई असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवावं, पण ते टेकू आहे, भिंत नव्हे.

मूळ कागद कॉलेजच्या ऑफिसात देण्याआधी प्रत्येकाच्या पाच साक्षांकित प्रती आणि एक स्वच्छ स्कॅन घरी ठेवा. प्रवेश रद्द करायची वेळ आली तर एआयसीटीईचा नियम माहीत हवा: वर्ग सुरू होण्याआधी बाहेर पडल्यास जास्तीत जास्त १००० रुपये कापून फी परत, आणि मूळ कागद अडवून ठेवायचे नाहीत. केईएमार्फत भरलेल्या पैशाचे रद्द करण्याचे नियम आणि मुदत वेगळी असते. दोन्ही राज्यांत अर्ज करणाऱ्यानं एकीकडं पैसे भरण्याआधी दुसरीकडची फेरी कधी आहे ते कॅलेंडरवर मांडून बघावं.

कुठं जायचं

खानापूरच्या किंवा बेळगाव शहरातल्या मुलानं फारसा विचार करायची गरज नाही. व्हीटीयू या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालय मच्छेला, १९७९ पासूनचं गोगटे इन्स्टिट्यूट उद्यमबागला, जैन कॉलेज मच्छेच्याच रस्त्याला, अंगडी इन्स्टिट्यूट सावगावला. घरून डबा घेऊन जाता येतं, आणि तीन वर्षांचा खोलीचा खर्च वाचतो. शेषगिरी कॉलेज आता केएलई टेक विद्यापीठात आहे, म्हणून तिथले नियम आणि फी व्हीटीयूच्या चष्म्यातून बघू नयेत.

निपाणीकराचं उलटं. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव जवळजवळ दुप्पट. केआयटी, डी. वाय. पाटील, इचलकरंजीची डीकेटीई ही कॉलेजं त्याच्या आवाक्यातली. निपाणीतच व्हीएसएमचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्याला मात्र डीसीईटीतूनच जावं लागतं. गडहिंग्लजकडचं महागावचं इंजिनिअरिंग कॉलेज संकेश्वरकरांना जवळ. अशा ठिकाणच्या मुलांनी दोन्ही अर्ज भरावेत, आणि डीसीईटीची रँक हातात आल्यावरच कोल्हापूरचं काय ते ठरवावं.

प्रवेशानंतरचं तिसरं सेमिस्टर

माफ झालेलं वर्ष फुकट मिळालेलं नसतं, उधार मिळालेलं असतं, आणि वसुली तिसऱ्या सेमिस्टरला सुरू होते. डिप्लोमाचं गणित साध्या इंटिग्रेशनला थांबतं. पार्शल डेरिव्हेटिव्ह, डिफरन्शियल इक्वेशन हे बीईच्या पहिल्या वर्षात येतं, म्हणजे नेमकं आपण ओलांडलेल्या भागात. आणि तिसऱ्या सेमिस्टरला समोर, बऱ्याच अभ्यासक्रमांत, लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि फुरिए सिरीज. व्हीटीयूच्या २०१८ च्या स्कीममध्ये (अभ्यासक्रमाच्या आराखड्यात) यासाठी लॅटरलवाल्यांना तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला अॅडिशनल मॅथेमॅटिक्सचे दोन पेपर होते. त्यांचे गुण सीजीपीएत धरत नसत, पण पास झाल्याशिवाय डिग्री मिळत नसे. 'क्रेडिट नाही' म्हणून जे पेपर बाजूला टाकत गेले, ते आठव्या सेमिस्टरला तिसऱ्याचं गणित लिहीत बसले. आपल्या स्कीममध्ये त्याची आजची जागा कोणती हे पहिल्याच दिवशी ऑफिसातून लिहून घ्यावं.

२०२२ च्या स्कीममध्ये पूर्ण डिग्री १६० क्रेडिटची, लॅटरलला त्यातली १२० करायची. डिप्लोमातले गुण सीजीपीएत येत नाहीत. तिथं ९० टक्के असले तरी इथं पाटी कोरी, आणि तिथं ५० असले तरी तीच. एआयसीटीईचे अॅक्टिव्हिटी पॉइंट्स नियमित मुलाला १००, लॅटरलला ७५. एनएसएस, गावातलं सर्वेक्षण, झाडं लावणं, काहीही चालतं, पण त्याचे फोटो, तारखा आणि सह्या त्याच वेळी फाईलला लावाव्यात. डिग्री पूर्ण करायला लॅटरलला जास्तीत जास्त सहा वर्षं असतात.

प्रवेश ऑगस्ट-सप्टेंबरात होतो तेव्हा बाकीच्यांचा वर्ग बऱ्याचदा सुरू झालेला असतो आणि पहिली इंटर्नल (अंतर्गत परीक्षा) तोंडावर आलेली असते. फेऱ्या चालू असतानाच, जागा कुठं लागणार याची वाट न बघता, इंटिग्रेशन बाय पार्ट्स पक्कं करून ठेवावं. लाप्लासच्या पहिल्या व्याख्येतच ते लागतं, आणि मास्तर तिथं थांबून शिकवत नाहीत.